'बंद' केलेला लॅपटॉप आणि बिघडलेला डी ड्राइव्ह: हायबरनेटनंतरच्या गडबडीत काय तपासायचं

आधी लक्षणं सांगतो, ओळखीची वाटली तर पुढे वाचा.

रात्री डी ड्राइव्हवर कॉपी केलेला फोल्डर सकाळी गायब, किंवा फोल्डर जागेवर आहे पण आतल्या फायली उघडत नाहीत. लॅपटॉप सुरू होताना काळ्या पडद्यावर 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह' येतं, आणि हे वर्षातून एकदा नाही, आठवड्यातून दोनदा. उबुंटूतून (लिनक्सच्या एका प्रकारातून) विंडोजचा ड्राइव्ह उघडत नाही, उघडलाच तर फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. पोर्टेबल डिस्क लावली की लगेच 'फॉरमॅट करायची का?' असा प्रश्न. ड्राइव्हवर 'फाउंड डॉट ट्रिपल झिरो' नावाचा लपलेला फोल्डर सापडतो आणि त्यात सीएचके शेपटीचे अनोळखी तुकडे असतात.

आता आठवून बघा. त्याआधी मशीन हायबरनेट झालं होतं का? किंवा तुम्ही नेहमीसारखं 'शट डाउन' केलं होतं आणि तुमच्या समजुतीनं ते बंद होतं?

मी ठाण्यात नौपाड्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं टेबल टाकून बसतो. हा एकच बिघाड इतक्या वेळा हातून गेलाय की गिऱ्हाईक खुर्चीवर टेकायच्या आत मी विचारतो, "बंद कसा करता?" उत्तर ठरलेलं: "बंद म्हणजे बंदच करतो की!" पुढची सगळी गोष्ट त्या 'की'मध्ये आहे.

बंद म्हणजे नेमकं काय

हायबरनेट करताना मशीन रॅममधला सगळा पसारा डिस्कवर एका मोठ्या फाइलमध्ये उतरवून ठेवतं आणि मग वीज सोडतं. विंडोजमध्ये ही फाइल सी ड्राइव्हच्या मुळाशी लपलेली असते, तिचं नाव 'हायबरफिल डॉट सिस'. लिनक्समध्ये तेच काम स्वॅप, म्हणजे डिस्कवरची राखीव जागा, करते. परत चालू केलं की पसारा जसाच्या तसा रॅममध्ये येतो. त्या पसाऱ्यात तुमचे उघडे टॅब असतात, तशीच ड्राइव्हवर कुठली फाइल कुठे आहे याची मशीनच्या डोक्यातली यादीही असते.

वाणी दिवसभराच्या उधारीचा हिशेब डोक्यात ठेवून गावाला गेला असं समजा. मागे पुतण्यानं वहीत चार नव्या नोंदी केल्या. वाणी परत आला, वही न बघता डोक्यातला जुना हिशेब त्याच पानावर लिहून मोकळा झाला. पुतण्याच्या नोंदी गेल्याच, शिवाय पानावर दोन हिशेब एकात एक मिसळले. फाइल सिस्टिम, म्हणजे ड्राइव्हवरच्या फायलींची नोंदवही, अशीच बिघडते. यात व्हायरसचा संबंध नसतो आणि बऱ्याचदा डिस्कचाही दोष नसतो.

२०१२ साली विंडोज ८ आलं आणि त्यासोबत 'फास्ट स्टार्टअप' आलं. तेव्हापासून साधं 'शट डाउन' केलं तरी तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा हायबरनेटच होतो. ड्राइव्ह त्यानं सोडलेले नसतात. गंमत म्हणजे 'रीस्टार्ट' मात्र खरं, पूर्ण बंद करून चालू करतं. लोकांना हे उलटं वाटतं, आणि त्यात त्यांची चूक नाही; नावंच तशी ठेवली आहेत.

फुकटातल्या तपासण्या

सगळ्यात आधी कामाच्या फायली दुसरीकडे कॉपी करा, मगच पुढे जा. ड्राइव्ह आज उघडतोय म्हणजे उद्या उघडेलच असं नाही.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधल्या 'सिस्टिम'वर जा आणि 'कर्नल-बूट' या स्रोताची २७ क्रमांकाची नोंद शोधा. त्यात बूटचा प्रकार लिहिलेला असतो. शेवटचा आकडा शून्य असेल तर मशीन पूर्ण बंद अवस्थेतून उठलं, एक असेल तर फास्ट स्टार्टअपनं, दोन असेल तर हायबरनेटमधून. गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापेक्षा मी हा आकडा दाखवतो. त्याच यादीत ४१ क्रमांकाची 'कर्नल-पॉवर' नोंद वारंवार दिसली तर मशीन नीट बंद न होताच परत सुरू होतंय. तेव्हा खालचा विजेचा भाग आधी वाचा. ५५ क्रमांकाची 'एनटीएफएस' (विंडोजची फाइल सिस्टिम) नोंद म्हणजे विंडोजला स्वतःलाच फाइल सिस्टिमच्या रचनेत गडबड सापडली आहे.

आता फास्ट स्टार्टअप काढून टाका. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबा. खालचा 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' हा पर्याय तेव्हा बदलता येतो. त्याची खूण काढा, सेव्ह करा. मोठ्या अपडेटनंतर ही खूण परत आलेली मी पाहिली आहे, म्हणून दोन-तीन महिन्यांनी एकदा डोकवा.

हायबरनेट कधी वापरतच नसाल तर ते मुळासकट काढलेलं बरं. कमांड मी फोनवर सांगतो तशीच इथे लिहितो, टाइप इंग्रजीत करायची. कमांड प्रॉम्प्ट 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि लिहा: पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ. एंटर. हायबरनेटही जातं, फास्ट स्टार्टअपही जातं, ती मोठी फाइल पुसली जाऊन सी ड्राइव्हवर काही जीबी जागाही मोकळी होते. मशीन सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हा फरक जाणवायचा; एसएसडीवर काही सेकंदांसाठी ही जोखीम घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

फक्त एकदाच पूर्ण बंद करायचं असेल, समजा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची आहे, तर शिफ्ट दाबून धरा आणि मग 'शट डाउन'वर क्लिक करा.

एका डिस्कवर विंडोज आणि लिनक्स

ऐरोली, घणसोलीकडची इंजिनिअरिंगची मुलं हीच अडचण घेऊन येतात. विंडोज गेमसाठी, उबुंटू प्रॅक्टिकलसाठी, आणि मधला डी ड्राइव्ह दोघांचा.

उबुंटूनं ड्राइव्ह लिहायला नकार दिला तर रागावू नका, तो तुम्हाला वाचवतोय. 'विंडोज इज हायबरनेटेड' किंवा 'मेटाडेटा केप्ट इन विंडोज कॅश' असा संदेश आला की उपाय सोपा आहे. परत विंडोजमध्ये जा, फास्ट स्टार्टअप काढा, पूर्ण बंद करा, मग उबुंटू सुरू करा. दहा मिनिटांचं काम. पण मुलं व्हिडिओ बघतात आणि 'एनटीएफएसफिक्स' चालवतात. नाव 'फिक्स' असलं तरी ते मोजक्या चुका दुरुस्त करतं, जर्नल (फाइल सिस्टिम बदलांची जी नोंद ठेवते ती) रिकामं करतं आणि खरी तपासणी विंडोजच्या पुढच्या बूटवर ढकलतं. डॉक्टरकडे न जाता फक्त केसपेपर फाडून टाकण्यातला प्रकार. दुसरा जालीम उपाय 'रिमूव्ह हायबरफाइल' या पर्यायासह ड्राइव्ह माउंट करण्याचा, म्हणजे सिस्टिमला जोडून उघडण्याचा. त्यानं विंडोजची झोपलेली अवस्था पुसली जाते. त्यात न सेव्ह केलेलं काम असेल तर तेही गेलं. विंडोज काही केल्या उठतच नसेल तरच त्याच्या वाटेला जा.

आणि जबरदस्तीनं माउंट करून त्यावर लिहून झालंच असेल तर? मग विंडोज सुरू करायची घाई करू नका. उबुंटूतूनच नव्या फायली पेनड्राइव्हवर काढून घ्या. वाणी गावाहून परतायच्या आत पुतण्याच्या नोंदींची नक्कल काढायची. त्यानंतर विंडोज सुरू करून तपासणी करा.

उलटी बाजूही लक्षात ठेवा. उबुंटूत हायबरनेटचा पर्याय सहसा मेनूत दिसतच नाही, पण खटपट करून तो चालू करणारे आहेत. लिनक्स हायबरनेट करून विंडोजमध्ये शिरलात आणि सामाईक ड्राइव्हवर लिहिलंत तर तीच गत. दोन लिनक्स एकाच स्वॅप पार्टिशनवर चालवत असाल तर हायबरनेटला हातच लावू नका. एकाची झोप जिथे ठेवली आहे तिथेच दुसरा आपला पसारा टाकणार. झोपलेल्या लिनक्सच्या ड्राइव्हवर मध्येच लिहिलं गेलं असेल तर त्याला जुन्या अवस्थेतून उठवू नका. ग्रबच्या, म्हणजे सुरू होताना कुठली सिस्टिम हवी ते विचारणाऱ्या, मेनूत 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'नोरिझ्यूम' हा शब्द इंग्रजीत जोडा आणि बूट करा. उघडे प्रोग्राम जातील, फाइल सिस्टिम वाचण्याची शक्यता वाढेल.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरूनच लिनक्स सुरू होतं) 'नुसतं बघायला' जाणाऱ्यांसाठी एक. हायबरनेट झालेल्या लिनक्सचं एक्स्ट ४ पार्टिशन 'फक्त वाचा' म्हणून माउंट केलं तरी जर्नल पुन्हा चालवलं जातं, म्हणजे डिस्कवर लिहिलं जातंच. टाळायचं असेल तर 'आरओ'सोबत 'नोलोड' हा पर्यायही द्यावा लागतो. हे मला कळलं ते एका मुलाचं प्रोजेक्ट हातचं गेल्यावर. त्याचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती.

पोर्टेबल डिस्क आणि टीव्ही

कळव्याहून एक काका दोनदा त्याच डिस्कसाठी आले. लॅपटॉपला पोर्टेबल डिस्क लावलेली, झाकण मिटलं, लॅपटॉप थोड्या वेळानं हायबरनेट झाला. काकांनी डिस्क उपटली, टीव्हीला लावली, नातवाला सिनेमा दाखवला, परत लॅपटॉपला लावून झाकण उघडलं. "अहो, मी फक्त बघितला, काही लिहिलं नाही!" काकांनी नाही, टीव्हीनं लिहिलं. अँड्रॉइडवर चालणारे टीव्ही डिस्क लागली की आपले फोल्डर तयार करतात. इकडे लॅपटॉपच्या डोक्यात जुनी यादी.

हायबरनेट करण्याआधी डिस्क 'इजेक्ट' करून काढायची, झाकण मिटण्याआधी. डिस्क एक्सफॅट किंवा फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेली असेल तर धोका जास्त, कारण त्यांना जर्नल नसतं. एनटीएफएस निदान अर्धवट राहिलेली नोंद मागे फिरवू शकतं. तेही फोल्डरांची रचनाच सांभाळतं, फाइलच्या आतल्या मजकुराची हमी देत नाही. म्हणूनच कधीकधी फाइलचं नाव आणि साइज बरोबर असते आणि आत नुसती शून्यं भरलेली असतात.

झाकण मिटल्यावर काय व्हावं हेही त्याच पॉवर ऑप्शन्समध्ये ठरवता येतं. ऐरोलीच्या ऑफिसातून निघताना ठाण्याची गाडी पकडायच्या नादात झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत कोंबणारे खूप आहेत. लॅपटॉप झोपेत बॅटरी खातो, ती संपत आली की स्वतः हायबरनेट व्हायला जातो, आणि इथे पुढचा प्रश्न येतो.

वीज: बॅटरी, यूपीएस, इन्व्हर्टर

हायबरनेट म्हणजे काही जीबी डिस्कवर लिहिणं. तेवढा वेळ वीज टिकायला हवी. चार-पाच वर्षं वापरलेली बॅटरी बारा टक्के दाखवता दाखवता एकदम शून्यावर येते, आणि लिहिणं अर्ध्यात तुटतं. त्या वेळी उघडी असलेली फाइल सहसा बळी जाते.

तपासायला पैसे लागत नाहीत. कमांड प्रॉम्प्टमध्ये: पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश बॅटरीरिपोर्ट. अहवालाची फाइल कुठे ठेवली ते तोच सांगतो. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे बघा. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर मी बॅटरी बदला म्हणतो. तोवर पॉवर ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'क्रिटिकल बॅटरी लेव्हल' वाढवून दहा-बारा टक्क्यांवर न्या, म्हणजे मशीनला आवराआवर करायला वेळ मिळेल.

डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएसकडे बघावं. त्यातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची लेड-अॅसिड बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, पण यूपीएसचा हिरवा दिवा तरी लागतोच आणि आपण निर्धास्त राहतो. सगळं काम सेव्ह करा, मशीन पूर्ण बंद करा, यूपीएसवर एखादा साधा दिवा लावा आणि भिंतीतला प्लग काढा. दिवा किती मिनिटं टिकतो ते घड्याळात मोजा. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालत असेल तर मागचं बटण 'यूपीएस मोड'वर आहे का बघा. साध्या मोडमध्ये मेनमधून बॅटरीवर जायला वेळ जास्त लागतो. पंख्याला ते कळत नाही, पीसी मात्र रीस्टार्ट होतो. पावसाळ्यात घोडबंदरच्या बाजूनं असे बरेच फोन येतात, आणि निम्म्या वेळा उपाय ते बटणच असतो.

डेस्कटॉप उघडता येत असेल तर वीज पूर्ण काढून साटा केबल एकदा उपसून परत घट्ट बसवा. आपल्याकडची खाडीची दमट हवा पितळेची भांडी काळी करते, कनेक्टरला कशाला सोडेल! संशय असला तर केबल बदला, दीड-दोनशेचा खर्च.

डिस्कची तब्येत आधी, चेकडिस्क नंतर

लोक नेमके इथे उलटं करतात. ड्राइव्हमध्ये चूक दिसली की पहिला हात चेकडिस्कवर, म्हणजे विंडोजच्या ड्राइव्ह तपासणाऱ्या कमांडवर. चेकडिस्क फाइल सिस्टिम सुसंगत करतं, तुमच्या फायली वाचवणं हे त्याचं काम नाही. जुळत नसलेली नोंद ते खुशाल कापून टाकतं. डिस्क आतून मरायला टेकली असेल तर तासन्‌तास डिस्क घोळवून ते तिला शेवटचा धक्काही देतं.

म्हणून आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. हार्ड डिस्क असेल तर तीन ओळी बघा: ०५, सी५ आणि सी६. पहिली म्हणजे बदलून टाकलेले खराब सेक्टर, दुसरी म्हणजे वाचता न येऊन रांगेत थांबलेले, तिसरी म्हणजे दुरुस्त न होणारे. सी५ शून्याच्या वर असेल आणि दोन दिवसांत वाढत असेल, तर पुढचं काही करू नका, थेट शेवटच्या भागावर जा. सी७ वाढत असेल तर डिस्कपेक्षा केबलचा संशय जास्त.

डिस्क ठीक निघाली आणि फायलींची प्रत बाहेर आहे, तरच चेकडिस्क. आधी ड्राइव्हवर चुकीची खूण लागली आहे का ते विचारा: एफएसयूटिल, स्पेस, डर्टी, स्पेस, क्वेरी, स्पेस, डी कोलन. 'डर्टी' म्हणालं तर चेकडिस्क (टाइप करताना सीएचकेडीएसके), स्पेस, डी कोलन, स्पेस, स्लॅश एफ. स्लॅश आर सवयीनं लावू नका. तो पूर्ण डिस्कचा पृष्ठभाग वाचत बसतो, मोठ्या हार्ड डिस्कवर रात्र जाते, आणि सॉफ्टवेअरच्या चुकीसाठी त्याची गरज नसते. लिनक्सच्या पार्टिशनसाठी एफएससीके, पण ते माउंट केलेलं नसताना, म्हणजे लाइव्ह पेनड्राइव्हवरून. माउंट असताना चालवलं तर बिघाड तुम्हीच तयार केला म्हणून समजा.

एवढं करूनही परत होतंय

फास्ट स्टार्टअप काढलंय, वीज ठीक, डिस्क ठीक, तरी हायबरनेटमधून उठल्यावर फायली खराब होतात. मग रॅमवर संशय घ्या. स्टार्ट मेनूतून 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' चालवा. वेळ असेल तर मेमटेस्ट रात्रभर. खराब रॅममधला चुकीचा मजकूर हायबरनेट इमानदारीनं डिस्कवर उतरवतं आणि इमानदारीनं परत आणतं. दोन स्टिक असतील तर एक काढून चार दिवस बघा.

त्यानंतर उरतात ते चिपसेटचे ड्रायव्हर, एसएसडीचं फर्मवेअर आणि बायोस (मदरबोर्डवरचं मुळातलं सॉफ्टवेअर). इथे हात घालण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू असतं आणि बायोस अपडेटनंतर मशीन ती ४८ आकडी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. खातं कोणाच्या नावावर उघडलं होतं हे आठवलं तर. दुकानदारानं घाईत स्वतःच्या ईमेलनं उघडून दिलेली खाती मी पाहिली आहेत. बायोस अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, हे सांगायला नको.

कुठे थांबायचं

डिस्कमधून टिकटिक किंवा घरघर येते. बायोसमध्ये डिस्क कधी दिसते, कधी नाही. सी५ वाढतोय. ड्राइव्ह फॉरमॅट करायला सांगतोय आणि आतल्या डेटाची दुसरी प्रत नाही. यातलं एकही खरं असेल तर मशीन बंद करा, वायर काढा आणि फोन उचला. 'एकदा चेकडिस्क मारून बघू' नाही, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल करणं नाही, फ्रीजमध्ये ठेवणं तर अजिबात नाही. एसएसडी असेल तर घाई आणखी हवी: ट्रिममुळे पुसलेल्या फायलींची जागा ती स्वतःहून साफ करत राहते, म्हणून ती चालू ठेवणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं.

दुरुस्तीवाल्याला, मग तो माझ्यासारखा टेबलवाला असो की लॅमिंग्टन रोडचा, एकच प्रश्न विचारा: "आधी डिस्कची पूर्ण नक्कल काढून तिच्यावर काम करणार, की मूळ डिस्कवर?" मूळ डिस्कवर म्हणाला तर उठा. डिस्क तुमच्यासमोर उघडून बघतो म्हणाला तरी उठा. हार्ड डिस्कचं झाकण धूळविरहित खोलीतच उघडायचं असतं. टिकटिक करणारी डिस्क मी स्वतःही घेत नाही, पुढे पाठवतो.

डिस्क नेताना कागदावर चार गोष्टी लिहून न्या: शेवटचं मशीन हायबरनेट झालं होतं की शट डाउन, त्यानंतर डिस्क कशाकशाला लावली, कुठल्या कमांड चालवल्या, आणि कुठले फोल्डर आधी हवेत. तिसऱ्या मुद्द्यावर लोक लाजतात आणि काहीच केलं नाही म्हणतात. लाजू नका, जर्नल रिकामं दिसलं की आम्हाला कळतंच.